जुनी, किटमधून बनवलेली फ्लिंटलॉक रायफल घेतोय. काय काय तपासू?

लेहायकर

नमस्कार मंडळी.

ॲलनटाउनला येऊन सतरा वर्षं झाली. शेजारचे आजोबा दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, स्वतःच्या उंचीइतकी लांब बंदूक घेऊन हरणाच्या मागे जातात आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाती, नाक लाल करून, अत्यंत खुशीत परततात. पेनसिल्वेनियात २६ डिसेंबरला जो हंगाम सुरू होतो त्यात फक्त फ्लिंटलॉक चालते. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची आणि चकमक पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. १९७४ पासून हा हंगाम आहे. यंदा ते मला म्हणाले, चल.

शिकारीचा सक्तीचा कोर्स झाला, लायसन्स काढलं, ठासणीच्या बंदुकीचं वरचं लायसन्सही काढलं. राहिली बंदूक.

कुट्झटाउनजवळ एक बाई विकताहेत. यजमानांनी ऐंशीच्या दशकात किट आणून तळघरात बनवलेली. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ती शेकोटीच्या वर भिंतीवर टांगलेली आहे. .४५ कॅलिबर, ४२ इंची अष्टकोनी नळी, कर्ली मेपलचा दस्ता, त्यावर पितळी पॅचबॉक्स (गोळीभोवती गुंडाळायचे कापडाचे तुकडे ठेवायची डबी). किंमत ८५० डॉलर. फोटोत तर अशी देखणी दिसते की बायकोसुद्धा "दिवाणखान्यात शोभेल" म्हणाली, आणि ती सहसा असलं काही म्हणत नाही.

मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. लोखंड कळतं, बंदूक कळत नाही. देवगडच्या घरी आजोबांची ठासणीची होती, पण आम्हा पोरांना तिच्या खोलीतही जायची मुभा नव्हती. शनिवारी बघायला जातोय. काय बघू, काय विचारू?

शाकाहारी_वाघ

त्या हरणाने काय घोडं मारलंय तुमचं?

लेहायकर

वाघोबा, घोडं नाही, पण परसातल्या सगळ्या भाज्या आणि माझ्या कॅमरीचं बॉनेट. असो, तो वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

बारूदखाना

लेहायकर, मी ओहायोत. स्वतः दोन बांधल्यात, एक बिघडवलीय, म्हणजे बोलायचा थोडा अधिकार आहे.

पहिली गोष्ट, नुसतं "किट" म्हटल्याने काहीच कळत नाही. १९७६ ला इथल्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाली तेव्हा घरोघरी ठासणीच्या बंदुका बनवायचं खूळ आलं होतं. त्यातली बरीच किटं म्हणजे दस्ता जवळजवळ तयार, स्क्रू आवळा, तेल लावा, रविवार मावळायच्या आत भिंतीवर. काही स्वस्त किटांत दस्ता चक्क दोन तुकड्यांत असे आणि सांध्यावर पितळेची पट्टी. त्या उडतात, वाईट नाहीत, पण त्यांचे ८५० डॉलर होत नाहीत. दुसऱ्या टोकाला "किट" म्हणजे ओबडधोबड कापलेलं मेपल, एक नळी आणि पिशवीभर ओतीव तुकडे. सायलर लॉकचं (लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा) किट असंच सुटं मिळायचं: भोकं तुम्ही पाडा, आटे तुम्ही काढा, पोलाद कडक तुम्हीच करा. हल्ली जिम किबलरची सीएनसीवर कापलेली किटं मिळतात, त्यात लाकूड आणि लोखंड एकमेकांत इतकं नेमकं बसतं की बिघडवायलाच कौशल्य लागेल. पण ऐंशीच्या दशकात ती नव्हती. तेव्हा तुम्ही किट विकत घेत नाही आहात, त्या यजमानांचे हात विकत घेताय.

आणि हात लपत नाहीत. बाईंची परवानगी घेऊन लॉक काढा. एक किंवा दोन स्क्रू असतात, डाव्या बाजूने. घोडा, म्हणजे चकमक धरणारा भाग, आधी अर्ध्या चापावर (अर्धवट मागे ओढून अडकेल असा) घ्या, म्हणजे तो दस्त्यात अडकणार नाही. लॉक निघालं की आतली खाच बघा. बाहेरून पॉलिश सगळेच मारतात, पण ही खाच कोणी बघणार नाही असं वाटत असताना माणसाने छिन्नी कशी चालवली, तिथे सगळं कळतं. खाचेच्या तळाला काजळीचे काळे डाग असतील तर खूश व्हा. धातूला काजळी फासायची, लाकडात दाबायचा, जिथे डाग उमटला तेवढंच खरवडायचं, पुन्हा दाबायचा. शंभरदा. ही जुनी, सबुरीची पद्धत. खाच भोकाभोकांची आणि वर इपॉक्सी थापलेलं असेल तर भाव तिथल्या तिथे खाली आणा.

मग मनगट. लॉकच्या मागे दस्ता जिथे बारीक होतो तो भाग. लांब रायफली मोडतात त्या तिथेच. लाकडाच्या रेषा मनगटातून दस्त्याच्या लांबीला धरून मागे जायला हव्यात. तिरप्या जाऊन बाहेर पडत असतील तर एक दिवस ती दगा देणार. टॉर्च आडवा धरून भेग शोधा, नखाने चाचपा. सुंदर लहरींचं मेपल नेमकं इथे घातक ठरू शकतं, फोटोत मात्र तेच गोड दिसतं.

नळी दस्त्यातून काढायच्या फंदात विकत घेण्याआधी पडू नका. बारीक खिळ्यांनी अडकवलेली असते, पुढचं लाकूड पापडासारखं पातळ. तुटलं तर तुम्हीच मालक.

लॉक आणि कानाबद्दल रात्री लिहितो, मीटिंग आहे.

इतिहासवेडा

"कान" शब्द वाचून जीव सुखावला! नळीच्या बुडाशी जे बारीक छिद्र असतं, ज्यातून आग आत जाते, त्याला जुन्या मराठीत कानच म्हणतात. कानापाशी ठेवायची बारीक दारू ती रंजक. ठासायचा तो गज, पुढची नेमाची खूण ती माशी. अख्खी बंदूक मराठीत सांगता येते, फक्त ज्या पोलादी पात्यावर चकमक आपटते त्या फ्रिझनला आपल्याकडे कोणता शब्द होता हे कोणी सांगितलं तर उपकार होतील.

आपल्याकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुका खूप काळ चालल्या, पण महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींकडे चकमकीच्या होत्या. द बॉयन्य या युरोपीय सेनानीने उभारलेल्या त्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा आणि बंदुका बनवायचा, बंदूक साधारण दहा रुपयांना पडायची. असईला १८०३ मध्ये इंग्रजांसमोर उभ्या राहिल्या त्या याच परंपरेतल्या पलटणी.

बारूदखाना

इतिहासवेडा, झकास. पण त्या मस्केट, आतून गुळगुळीत नळीच्या. भराभर ठासता येतात, नेम यथातथा. लेहायकरांची ती रायफल, नळीला आतून पिळाच्या खाचा. लँकेस्टरकडे आलेल्या जर्मन कारागिरांनी आपल्याकडची आखूड जाड यागर रायफल इथल्या जंगलासाठी लांब केली, भोक लहान केलं, दारू आणि शिसं वाचवलं. जन्म पेनसिल्वेनियातला, पण नाव पडलं केंटकी रायफल. पुण्याची भेळ कोल्हापूरच्या नावाने खपावी तसं.

लेहायकर

म्हणजे मी हिच्या माहेरीच राहतोय की!

बारूदखाना

अगदी माहेरी. नॅझरेथजवळ जेकब्सबर्गला लाँगरायफल म्युझियम आहे, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना तिथेच होता. शनिवारच्या आधी जमलं तर जाऊन या. खऱ्या जुन्या बंदुकीचं मनगट किती नाजूक असतं ते डोळ्यांत बसलं की जाड्याभरड्या किटा लगेच ओळखू येतात. हौशी लोकांची पहिली चूक नेहमी हीच, लाकूड जास्त काढलं जाईल ही भीती. बंदूक फळकुटासारखी दिसते.

आता लॉक. अर्ध्या चापावर घोडा ठेवून चाप ओढा, सुटता कामा नये. पूर्ण चापावर अंगठ्याने मागून ढकला, तरी सुटता कामा नये. दोन चाप असतील तर एक ओढल्यावर दुसरा हलका होतो, ते घाबरण्यासारखं नाही. फ्रिझनचा चेहरा बघा. बारीक उभे ओरखडे ठीक, पण खोल चर पडलेत आणि ठिणग्या मोजून दोन-तीन, त्याही तांबूस, तर पोलाद मऊ राहिलंय. चांगल्या फ्रिझनच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात आणि पॅनमध्ये, म्हणजे रंजकाच्या वाटीत, पडल्यावरही चुरचुरतात. घरी बांधलेल्या लॉकचा हा नेहमीचा रोग. असाध्य नाही, पण खर्च आहे.

कान: पॅनच्या वरच्या काठाच्या पातळीत हवा. फार खाली असेल तर रंजकाखाली गाडला जातो, मग आग वातीसारखी सरकत जाते आणि चाप ओढल्यापासून धडामपर्यंत तुम्हाला शिंकायला वेळ मिळतो. व्यास साधारण १/१६ इंच. वर्षानुवर्षं उडवून तो झिजून मोठा होतो.

तळकोकणी

मी कणकवलीचा. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आमच्या घरात तीन पिढ्या आहे. आमची चकमकीची नाही, टोपी चढवायची. वानर आणि डुक्कर यांच्यापुढे तीही आता थकली. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि नेमकं तेव्हाच डुक्कर शेतात. ते जाऊ दे.

बारूदखान्यांनी सगळं सांगितलं, पण जे आधी सांगायचं ते राहिलं. बंदूक भरलेली आहे का ते बघा. लॉकबिक नंतर. आमचो आजो म्हणायचो, "बंदूक रिकामी आसा ह्या कोणाच्या तोंडाचा आयकान मानू नको. गजाक इचार."

गजाक इचारायचं कसं: तोंड माणसांपासून, घरापासून दूर. स्वतःचं डोकं नळीच्या समोर आणू नका. गज आत सोडा, तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढा, नळीला बाहेरून लावून धरा, खूण तोंडाशी. दुसरं टोक कानापर्यंत पोचलं तर रिकामी. कानाच्या दोन बोटं अलीकडेच थांबलं तर आत कोणीतरी झोपलंय.

बारूदखाना

तळकोकणी, साष्टांग. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, काजळीच्या कौतुकात राहून गेलं. लेहायकर, भिंतीवरच्या बंदुकीबद्दल तर हे हजारदा. ठासणीच्या बंदुकीला उघडून बघायची सोय नसते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षांनी जुनी होऊनही पेटते. लॉकची कुठलीही परीक्षा गज टाकून झाल्यावरच.

मिशिगनची_मावशी

माझे हे पंचवीस वर्षं या नादात आहेत, घरभर गंधकाचा वास. मी दोनच गोष्टी सांगते. एक, खांद्याला लावून बघ. तुझी उंची किती? त्या काळच्या धाटणीचे दस्ते बरेच खाली उतरलेले असतात, गाल भलतीकडे टेकतो आणि प्रत्येक बाराला चापट बसते. चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर साडेतेरा-चौदा इंच असतं, बुटक्या माणसाला तेही जास्त होतं. डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड, माशी समोर दिसायला हवी. नाही दिसली तर कितीही सुंदर असू दे, ती दुसऱ्याची बायको आहे.

दोन, डावरा आहेस का? लॉक उजवीकडे असतं. डावऱ्याच्या नाकाजवळ कानातून जाळ निघतो.

लेहायकर

मावशी, पाच फूट पाच इंच, उजवा. आणि "दुसऱ्याची बायको" वाचून मी फोन लपवला.

भाडेकरू_न्यूजर्सी

सामान्य प्रश्न. हे घ्यायला कागदपत्रं काय लागतात? मी एच-१बी वर आहे, इंटरेस्ट वाढतोय.

कलम_बहाद्दर

वकील आहे पण तुमचा नाही, हे धरून वाचा. १९६८ च्या फेडरल गन कंट्रोल ॲक्टमध्ये "अँटिक फायरआर्म"ची व्याख्या आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका त्यात येतातच, पण काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस वापरता न येणारी ठासणीची रायफल नवी असली तरी त्यातच मोडते. त्यामुळे फेडरल कायद्याच्या भाषेत ती "फायरआर्म" नाही, दुकानात भरायचा फॉर्म नाही, पोस्टाने घरी येते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगण्यावर जी बंदी आहे तीही त्याच व्याख्येवर उभी आहे.

पण राज्यांचे कायदे वेगळे, आणि भाडेकरू, तुम्ही नेमके न्यूजर्सीत. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही ओळखपत्र लागतं. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की तीच वस्तू वेगळी होते. व्हिसा पणाला लागेल असं काही धाग्यावर विचारून करू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला तासाचे पैसे द्या.

लेहायकर, पेनसिल्वेनियात फ्लिंटलॉकने हरणासाठी किमान .४४ लागते. तुमची .४५ आहे, थोडक्यात बसतेय. खात्री करा मात्र, घरगुती बंदुकीवर आकडा लिहिलेला असेलच असं नाही, आणि .४० ची असली तर नुसती कागदाला भोकं पाडण्यापुरती.

आणि निवृत्त होऊन देवगडला नेईन वगैरे मनात असेल तर विसरा. भारतात ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. विमानात बॅगेत घालून आणायची वस्तू नव्हे.

भाडेकरू_न्यूजर्सी

धन्यवाद. कॅरम बोर्ड घेतो.

लेहायकर (शनिवार, संध्याकाळी)

मंडळी, हात अजून थोडे थरथरताहेत, टायपो सांभाळून घ्या.

बाई साधारण ऐंशीच्या. कॉफी, शूफ्लाय पाय, सगळं झालं. मग त्यांनी स्टुलावर चढून ती भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली, तोंड थेट स्वयंपाकघराकडे. मी आधी ती खाली वळवली आणि विचारलं, मागच्या अंगणात जाऊ या का? त्या हसल्या. "रिकामी आहे. हॅरल्डने... " नवऱ्याचं नाव इथे बदलून लिहितोय. "... हॅरल्डने घरात भरलेली कधी ठेवली नाही."

अंगणात गेलो, पलीकडे कापलेल्या मक्याचं शेत. गज सोडला. तळाला टेकला तेव्हा आवाज आला तो टण्ण असा नव्हता, ठप् असा, मऊ. तोंडाशी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला, गज काढून बाहेरून लावला.

कानाच्या दोन इंच अलीकडे.

मला वाटलं मी चुकलो. पुन्हा केलं. दोन इंच. .४५ च्या नळीत साठेक ग्रेन दारू आणि वर गोळी, मनातल्या मनात हिशेब केला, बरोब्बर तेवढंच भरतं. अकरा वर्षं ती बाई त्या बंदुकीखाली बसून टीव्ही बघत होती. पाच नातवंडं त्या घरात रांगली.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. अंगणातल्या बाकावर बसल्या, मग म्हणाल्या, शेवटच्या हिवाळ्यात तो शिकारीहून आला होता ताप घेऊन.

चकमक काढून घेतली, घोडा खाली केला, बंदूक शेताकडे तोंड करून कुंपणाला आडवी टेकवली आणि शेजारच्या आजोबांना फोन केला. ते चाळीस मिनिटांत आले, सीओटू डिस्चार्जर घेऊन. कानाला लावायचं, गॅसच्या दाबाने आतलं सगळं बाहेर. गवताच्या गाठीसमोर तोंड धरलं. फट्. एवढाच आवाज, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. गोळी गवतात गेली, मागून काळी दारू सांडली, कोरडी, कणन्‌कण सुटा. तिच्यावर आधी बादलीभर पाणी ओतलं. गोळी शोधून काढली, शिशावर पांढुरकी पूड चढलेली, आणि तिच्याभोवती निळ्या पट्ट्यांच्या गादीपाटाच्या कापडाचा तुकडा, चरबी वाळून कडक झालेला.

तळकोकणी, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

तळकोकणी

आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. पण पोचवतो. उद्या कोपऱ्यातल्या देवाला नारळ ठेवताना सांगेन.

मिशिगनची_मावशी

अंगावर काटा. आमच्या भिंतीवरच्या दोन्ही आत्ता काढायला लावल्या. रिकाम्या निघाल्या. हे म्हणतात "सांगत होतो ना". मी म्हटलं, सांगितलेलं चालत नाही.

बारूदखाना

शाब्बास. आता बंदुकीचं सांगा.

लेहायकर

हो, ते राहिलंच. पुन्हा गज टाकून, पोचलाय हे बघून मगच बाकीचं केलं.

लॉक: दोन स्क्रू. खाच पाहिली. बारूदखाना, काजळी! तळाला आणि कडांना, जणू काल फासलीय. मेनस्प्रिंगच्या जागी लाकूड नखाएवढं पातळ राहिलंय पण फुटलेलं नाही. मनगट निर्दोष, रेषा सरळ मागे जातात. अर्धा चाप, पूर्ण चाप, दोन्ही पक्के.

वाईट बाजू. ठिणग्या मरतुकड्या, तांबूस, फ्रिझनवर चर. कानात लायनर नाही, थेट नळीला भोक. ऑफिसातून पिन गेजचा, म्हणजे भोकं मोजायच्या पिनांचा, डबा नेला होता (सवय), .०८६ ची पिन बिनबोभाट आत गेली. म्हणजे १/१६ तर सोडाच, ५/६४ च्याही वर. आणि फोनला जोडायच्या तीस डॉलरच्या बोअरस्कोपमधून पाहिलं, जिथे ती दारू बसून होती तिथे बुडाशी गंजाच्या खड्ड्यांचं वलय. बाकी नळी स्वच्छ, खाचांच्या कडा धारदार.

खांद्याला लावली. डोळे मिटले, उघडले. माशी समोर.

अडचण वेगळीच आहे. बाई आता म्हणतात, "फुकट घेऊन जा, मला ती घरात नको." आणि मला फुकट नकोय. आणि ८५० ही नाही द्यायचे.

बारूदखाना

खड्डे उथळ असतील आणि बुडाशीच असतील तर मी डरणार नाही. गोळीभोवतीच्या कापडाचे तुकडे बार मारल्यावर उचलून बघा, अख्खे पडत असतील तर नळी ठीक. साफ करायला मात्र तिथे कष्ट पडणार, राख त्या खड्ड्यांत बसून ओल धरते. बार मारण्याआधी नळीचं बूड एकदा बंदूकवाल्याला दाखवा, ब्रीच प्लगसकट (नळीचं बूड बंद करणारा पेच). घरी बांधलेल्या बंदुकीत तो प्लग नीट बसलाय का हे फोटोवरून मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कानात आटे पाडून स्टीलचा लायनर बसतो. आतून निमुळता असतो, आग लवकर पोचते, तुमची जुनी झीज त्यातच निघून जाते. फ्रिझन पुन्हा कडक करता येतं किंवा नवं मिळतं, सायलर असेल तर प्रश्नच नाही, त्याचे सुटे भाग आजही मिळतात.

मिशिगनची_मावशी

किमतीचं सोपं आहे. दुरुस्तीचा खर्च कागदावर लिही, तिच्या समोर ठेव, ८५० मधून वजा कर. म्हातारीची दया करून जास्तही देऊ नकोस आणि घाबरलीय म्हणून कमीही नको. तिच्या नवऱ्याने ती फुकट बनवली नव्हती.

शाकाहारी_वाघ

मी या धाग्यावर भांडायला आलो होतो, आता रोज सकाळी उघडून बघतोय पुढे काय झालं.

लेहायकर (पुढच्या शनिवारी)

आजोबांच्या क्लबमधल्या बंदूकवाल्याने लायनर आणि नवं फ्रिझन बसवून देतो म्हटलं, १४० डॉलर. बाईंना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून बेरीज-वजाबाकी स्वतः केली, म्हणाल्या ७१० होतात, ७०० दे, दहाची दारू घे. दिले.

बंदूकवाल्याने नळी उतरवली (त्याने, मी नाही). नळीच्या खालच्या अंगाला ग्रीन माउंटन या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का. प्लग पक्का, आटे पूर्ण बसलेले. त्याला तळाचे खड्डे चालतील असं वाटलं. पहिला बार त्याने बंदूक बाकाला बांधून, दोरीने चाप ओढून मारला. आम्ही सगळे झाडामागे.

मग मी. दारू कोणती घ्यावी यावर क्लबात तीन मतं होती पण एका गोष्टीवर एकमत: खरी काळी दारूच. पर्यायी भुकट्या फ्लिंटलॉकच्या ठिणगीला दाद देत नाहीत, आणि स्मोकलेस, म्हणजे आधुनिक बिनधुराची दारू, घातली तर नळीचे तुकडे शोधत बसायचं. गोएक्स मिळाली, जी कंपनी २०२२ पासून एस्टेस या खेळण्यातली रॉकेटं बनवणाऱ्यांकडे आहे, हे कळल्यावर माझा मुलगा भलताच प्रभावित झाला.

.४४० ची गोळी, तेल लावलेलं कापड, ठासली, पॅनमध्ये चिमूटभर रंजक. चाप ओढला. फक्क-धडाम, मध्ये जागाच नाही. धुराने समोरचं काही दिसेना. पन्नास यार्डांवर पाचपैकी तीन कागदावर, त्यातली दोन माझ्याच कागदावर.

बारूदखाना, एक राहिलं. नळी उतरवल्यावर दस्त्याच्या खोबणीत पेन्सिलीने लिहिलेलं निघालं: १९८४, आणि खाली "नंबर २".

बारूदखाना

तरीच! पहिल्या बंदुकीत कोणाची खाच इतकी नेमकी निघत नाही. माझी पहिली मी कोणाला दाखवत नाही. बाईंना विचारा, नंबर १ कुठेय?

लेहायकर

विचारलं. धाकट्या मुलाकडे, ओरेगनला. "तिचा दस्ता वाकडा झालाय, विकायची लाज वाटली म्हणून घरात राहिली."

मुलाला आज रात्री फोन करताहेत, गज टाकून बघ म्हणून.